नॅशनल पार्कात घरच्यांना घेऊन जाताना

सोमवारी जाऊ नका. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी पर्यटकांसाठी बंद असतं, आणि तरीही शाळांना सुट्टी लागली की सोमवारी फाटकासमोर दोन-चार कुटुंबं डबे-बाटल्या घेऊन उभी दिसतात. डोंबिवलीहून, पनवेलहून, दोन-दोन गाड्या बदलून आलेली असतात. मुलं हिरमुसलेली, आईचा चेहरा उतरलेला. मी दौलतनगरात राहते, फाटक माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून हे चित्र मला फार वेळा बघावं लागलं आहे. तेव्हा आधी हेच सांगून टाकलं.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन या जंगलात यायचे. आता नातवंडं असतात, दिराची मुलं असतात, सोसायटीतली दोन-तीन बिऱ्हाडं असतात आणि अधूनमधून ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईही असतात. नवीन येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "एका दिवसात काय काय होईल?" मी सांगते, एक जागा होईल. एका दिवसाला एक जागा, आणि ती नीट.

उद्यान जवळजवळ १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका अंगाला बोरिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि ठाणे. एवढ्या जंगलात सकाळी सफारी, मग कान्हेरीची बौद्ध लेणी, मग नावेत बसणं, मग गांधी टेकडी असा बेत आखला तर दिवस रांगेत आणि तिकीटखिडक्यांपुढे जातो. बारा वाजले की धाकटं रस्त्यातच बसकण मारतं, आजोबांना घेरी येते, आणि मग घरी जाऊन "काही खास नाही हो" असं चारचौघांना सांगितलं जातं. हे ऐकलं की माझा जीव तुटतो. कोटीच्या वस्तीला टेकून असलेलं हे खरंखुरं जंगल आहे, बिबट्यांचं जंगल आहे, आणि ते लोकलच्या तिकिटात आपल्या हाताशी आलेलं आहे. त्याला सावकाश बघायला हवं.

जागा कशी निवडायची

आपल्यात सगळ्यात कच्चे पाय कुणाचे ते आधी बघा आणि त्या पायांना झेपेल ती जागा निवडा. हौशी काकाच्या उत्साहावर बेत ठरवू नका.

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर फाटकापासून फार लांब जाऊच नका. आत शिरल्यावर थोड्या अंतरावर मुलांची खेळण्याची जागा आहे, हरणं आहेत, नावेत बसायची सोय आहे, आणि गांधी टेकडीवर जायला पायऱ्या आहेत. टेकडीवरून हिरवं रान आणि त्याला भिडलेल्या इमारती एकाच नजरेत दिसतात. मोठ्यांनी तिथे जरा वेळ काढावा. लहान मुलांना मात्र टेकडीपेक्षा मुंग्यांची रांग जास्त आवडते. बघू द्या. अर्धा तास बघू द्या. वनराणी ही छोटी आगगाडी म्हणजे बोरिवलीकरांच्या तीन पिढ्यांची आठवण, पण २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात तिचं नुकसान झालं आणि नंतर ती बराच काळ बंद राहिली. तेव्हा केवळ तिच्यासाठी निघणार असाल तर आधी चौकशी करा आणि मगच मुलाला कबूल करा. मुलांना दिलेला शब्द मोडण्यासारखं वाईट काही नाही.

सफारीबद्दल. जाळीच्या बसमधून कुंपणाच्या आतले वाघ-सिंह दाखवतात. मुलांना मजा येते, जरूर न्या. पण हे प्राणी सांभाळलेले आहेत, इथल्या रानातला खरा मालक बिबट्या आहे, हे त्यांना सरळ सांगा. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो. सुट्टीच्या दिवशी सफारीची रांग मोठी असते, म्हणून सफारी करायची तर आल्या आल्या तिचंच तिकीट काढा.

सहा ते बारा वयाची मुलं असतील तर डोळे मिटून कान्हेरी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझं मन तिथेच जास्त रमतं.

दहावी-अकरावीतल्या मुलांना आपल्याबरोबर चालायचं नसतं. त्यांना भाड्याच्या सायकली घेऊन द्या, किंवा उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे वाटाड्याबरोबर ज्या पायवाटा नेतात त्यांत त्यांची नावं घाला. शिलोंडाची वाट त्यांतली माझी सगळ्यात आवडती. ओढ्याच्या काठाने जाते, ऊन फार लागत नाही, आणि बरोबरचा माणूस जाणकार असला तर एका झाडापाशी पंधरा मिनिटं सहज जातात. आधी नावनोंदणी लागते. परवानगीशिवाय, आपल्याच मनाने, कुठल्याही आडवाटेला शिरायचं नाही. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव उद्यानाच्या पोटात आहेत, त्यांत मगरी आहेत, आणि ते पिण्याच्या पाण्याचे आहेत. तिकडे जाऊ देत नाहीत ते अगदी योग्य आहे.

आणि सासूबाईंसारखी माणसं बरोबर असतील तर सकाळी लवकर यायचं, डांबरी रस्त्याने नदीच्या कडेकडेने जमेल तेवढं चालायचं, कट्ट्यावर बसायचं, ऊन चढायच्या आत परत. सासूबाई चालताना तिथल्या झाडांची नावं सांगतात. त्यांचं माहेर पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडचं, त्यामुळे ऐन, कुंभा, काकड, बोंडारा ही नावं त्यांच्या तोंडी अजून आहेत. घरातलं म्हातारं माणूस गावाकडून आलेलं असेल तर त्याला मुद्दाम बरोबर घ्या. माहितीच्या फलकांवर नसलेलं खूप काही त्याला ठाऊक असतं.

यायचं कसं, केव्हा

लोकलने बोरिवलीला उतरलात तर पूर्वेला बाहेर पडा. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत किंवा रिक्षाने फाटक येतं. मेट्रोने येणाऱ्यांसाठी पश्चिम द्रुतगती मार्गावर 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्थानकच आहे, ते सगळ्यात सोपं. अंधेरी, जोगेश्वरी, मालाड भागातल्या लोकांनी तर दुसरा विचारच करू नये. गाडी शक्यतो घरी ठेवा. रविवारी फाटकाच्या अलीकडे महामार्गावर जी कोंडी होते तिच्यात मुलांचा पहिला तास जातो, आणि सकाळचा पहिला तास हाच सगळ्यात चांगला तास असतो. ठाणेकरांना मी सांगते, तुमच्याकडे येऊर आहे, ते याच जंगलाचं दुसरं टोक आहे, पण कान्हेरी बघायची तर इकडेच यावं लागेल.

साडेसात-आठपर्यंत आत असायला हवं. पक्षी तेव्हाच बोलतात. नऊनंतर माणसं बोलतात.

महिना कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांसाठी चांगला: हवा कोरडी, डास कमी, वाटा सुक्या. ऑक्टोबर टाळा, उकाड्याने मुलं किरकिरी होतात. मार्चमध्ये रान भगभगीत दिसतं आणि लोक नाक मुरडतात, पण पळस, पांगारा आणि सावर फुललेले बघायचे तर तेव्हाच. पानं गळलेली असतात म्हणून पक्षीही चटकन दिसतात. त्याच सुमारास कुसुंबाला लालभडक नवी पालवी येते. लांबून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. एप्रिल-मेमध्ये ताम्हण फुलतो, आपलं राज्यफूल. मुलांनी ते पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं आणि झाडावर कधी बघितलेलं नसतं. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. फक्त मे महिन्यात दहाच्या आत परत फिरायचं, हे पक्कं.

पावसाळ्याबद्दल जरा कडक बोलते. जून-जुलैत सगळी मुंबई इथे लोटते. हिरवळ, ओढे, धबधबे, सगळं खरंच डोळे निववणारं असतं. पण डोंगरावर वरच्या अंगाला पाऊस पडला की खालचा ओढा काही मिनिटांत चढतो, आणि खाली आपल्या डोक्यावर पाऊस नसतो, त्यामुळे कळतही नाही. पाण्यात उतरायचं नाही. घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. सुरक्षारक्षकाने हटकलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. आपलं मूल बरोबर असताना तर मुळीच नाही. कान्हेरीच्या कातळावर शेवाळ धरतं, त्यावरून पाय सुटला तर थेट खाली. रबरी चपला, गुळगुळीत तळाचे बूट घरी ठेवा. खाचा असलेला तळ आणि मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत.

पिशवीत काय

माणशी दीड लिटर पाणी, स्टीलच्या बाटल्यांत. फाटकाजवळची आणि कान्हेरीच्या तिकीटखिडकीजवळची प्रसाधनगृहं सोडली तर मधल्या वाटेत सोय नाही असं धरून चाला, म्हणून निघण्याआधी मुलांना तिथे नेऊन आणा, "नाही लागली" म्हणाली तरी.

जेवण कोरडं हवं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, बटाट्याची सुकी भाजी, गूळपोळी. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि तो पिशवीत चेन लावून. हाताला लटकवलेली पिशवी माकडं हिसकावून नेतात. केळी आणि वेफर्सची पाकिटं आणूच नका. त्या पाकिटाचा चुरचुर आवाज माकडांना लांबून ओळखू येतो. इथे टोपीसारखे केस असलेली लाल तोंडाची माकडंही आहेत आणि काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरंही. वानर सहसा अंगावर येत नाही. लाल तोंडाचं येतं. खाऊ घालू नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका, कारण त्याच्या भाषेत तो दम देणं असतो. मुलाच्या हातातला खाऊ त्याने हिसकावला तर सोडून द्यायला मुलाला आधीच शिकवून ठेवा. "भूतदया" म्हणून चणे-बिस्किटं टाकणारे लोक रोज दिसतात. त्यांच्यामुळेच ही माकडं माणसांवर धावायला शिकली आहेत, आणि चावा बसतो तो नंतर येणाऱ्या कुणाच्या तरी पोराला.

उरलेली भूक फाटकाच्या आसपास आणि वाटेवर बसलेल्या आदिवासी बायकांकडे भागवा. उद्यानात पूर्वीपासून पाडे आहेत, वारली आणि इतर कुटुंबं राहतात. ऋतूप्रमाणे काकड्या, कैऱ्या, करवंदं, जांभळं, बोरं मिळतात. घासाघीस करू नका. आणि "हे कुठलं, कुठे मिळालं" हे मुलांना विचारू द्या. त्या बायका प्रेमाने सांगतात.

छोटी वही, पेन्सिल, एखादं भिंग. जुना पंचा. सुटे पैसे, कारण आत मोबाइलची रेंज जाते-येते आणि पैसे मोबाइलवरून देताना पंचाईत होते. अंगात फुल बाह्यांचे, मातकट किंवा हिरव्या रंगाचे सुती कपडे. अत्तर-सेंट नको: कान्हेरीच्या कपारींत आग्या मोहोळं असू शकतात. स्पीकरवर गाणी नकोत. एवढं मी कुणालाही वाटेत थांबवून सांगते आणि बहुतेक लोक ऐकतात.

कान्हेरी

फाटकापासून सहा-सात किलोमीटर. आतल्या गाडीने जा. जाताना रस्ता चढाचा आहे आणि मुलांची ताकद वर लेण्यांमध्ये लागणार आहे. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून घ्या. इथे भारतीय पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही.

या डोंगरात १०९ लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे भिक्खूंची वस्ती होती. हजार वर्षांचं गाव म्हणा. कृष्णगिरी, काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. सगळी लेणी बघायचा हट्ट धरू नका. मी चार दाखवते, आणि मध्ये भरपूर बसते.

पहिल्यांदा तिसरं लेणं. फार चढावं लागत नाही, थोड्या पायऱ्या आहेत. सासूबाई हात धरून इथवर येतात. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती, मुलं त्यांच्या पायांशी उभी राहून उंची मोजतात. आत खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. मुलांना इथे दोन मिनिटं गप्प उभं करा, मग एकाला हळूच "आ" करायला सांगा. दगडातून आवाज कसा फिरून येतो ते त्यांचं त्यांना कळतं.

मग अकरावं, ज्याला दरबार म्हणतात. लांबलचक दालन, आणि जमिनीतून दोन लांब बुटके दगडी ओटे निघालेले. इथे भिक्खू समोरासमोर ओळीने बसत असणार. चौथीचा वर्ग आणला की मी मुलांना तसंच बसवायचे. पंगतीत बसल्यासारखं. त्यानंतर त्यांना काही समजावून सांगावं लागायचं नाही.

त्यापुढे कुठलंही एक साधं राहायचं लेणं निवडा. एक ओसरी, एक खोली, झोपायचा दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. जाणकार या टाक्याला पोढी म्हणतात. डोंगरावर पडणारा पाऊस कातळातल्या बारीक चरांनी वाहत येऊन या टाक्यांत साठायचा. चर अजून स्पष्ट दिसतात. मुलांना कामाला लावा: एक चर पकडा आणि तो कुठून येतो, कुठे जातो, ते शोधा. हा खेळ तासभर चालतो आणि मोठी माणसंही त्यात ओढली जातात. आठवड्यातून दोन दिवस पाणी नसलेल्या चाळीत वाढलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने इथे विचारलं होतं, "बाई, मग आपल्या शाळेच्या गच्चीवरचं पाणी कुठे जातं?" पुढचे कितीतरी दिवस आमचा वर्ग त्याच्याच मागे होता.

लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. कुणी दान दिलं त्याची नोंद. दान देणारे व्यापारी सोपाऱ्याचे आहेत, कल्याणचे आहेत, नाशिकचे आहेत. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. कल्याणहून आलेल्या मुलाला सांगा की तुझ्या गावच्या माणसाने इथे पाण्याच्या टाक्यासाठी, खोलीसाठी पैसे दिले आणि नाव कोरून ठेवलं. तो लेख वाचता येत नसला तरी मूल त्यावरून डोळे हलवत नाही. नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी या जुन्या इराणी भाषेतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली इथे आलेल्या पारशी मंडळींची नावं. हे सांगितलं की एखादं चिरंजीव खिशातून किल्ली काढतंच. तेव्हा लगेच, तिथल्या तिथे, समजावा: आज यावर ओरखडा काढणं गुन्हा आहे, आणि जी अक्षरं हजार वर्षं टिकली त्यांच्या अंगावर आपण नाव लिहायचं नाही. वहीत लिही. लेखाचं चित्र काढ. वही त्यासाठीच आणलेली असते.

वर, डोंगरमाथ्याकडे, पायऱ्या चढत गेलं तर वारा लागतो आणि रानाचा मोठा पट्टा दिसतो. दम असेल त्यांनी जावं, नसेल त्यांनी खाली सावलीत डबा उघडावा. दोघांचीही सहल पुरी झाली असं मानावं.

महाशिवरात्रीला कान्हेरीत फार गर्दी असते. लहान मुलं असतील तर तो दिवस सोडा.

वाटेवर काय बघायचं

आधी कानाने बघा. "टुक टुक टुक" असा एकसुरी आवाज आला की तो तांबट. वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज एकाच झाडातून येत असले तर भृंगराज असू शकतो, नकला करण्यात पटाईत. त्याच्या शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असतात. पिवळाधमक हळद्या हिवाळ्यात.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. जमिनीवर पडलेलंच घ्या, तोडू नका. कांडोळाचं झाड पांढऱ्या फटक खोडाचं, पानं गळली की उन्हातही अंगावर काटा आणणारं. पावसाळा सरताना दोन झाडांच्या मध्ये ताणलेली कोळ्यांची मोठी सोनेरी जाळी दिसतात. मोठ्या निळ्या-काळ्या पंखांचं ब्लू मॉर्मन फुलपाखरू दिसलं तर मुलांना सांगा, हे आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

आणि कारवी. उतारांवर दाटीने वाढणारं हे झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलतं आणि बी धरून मरून जातं. २०१६ ला जांभळे उतार बघितले, २०२४ ला पुन्हा बघितले. पुढचा बहर २०३२ चा. आज पहिलीत असलेल्या मुलाला ते वर्ष वहीत लिहून ठेवायला सांगा. याच कारवीच्या काठ्यांचे कूड करून, वर शेणमाती लिंपून वारल्यांच्या झोपड्यांच्या भिंती होतात, आणि त्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने ती चित्रं काढतात जी आपण आता पिशव्यांवर आणि कपांवर बघतो.

नदी बघितल्याशिवाय परतू नका. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी उद्यानातून वाहते, आणि आत असेपर्यंत ती नदी असते: नितळ पाणी, गोटे, मासे. बाहेर आल्यावर, आमच्या दौलतनगरापाशी, तिचं काय होतं तेही मुलांना दाखवा. दोन्ही दाखवा, एकाच दिवशी. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर, मुंबईच्या या चारही नद्या याच डोंगररांगांत उगम पावतात. मुंबईला नळाने पाणी आलं ते पहिल्यांदा इथल्या विहार तलावातून, १८६० मध्ये. तुळशी १८७९ चा. हे रान शाबूत राहिलं त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. दहा वर्षांच्या मुलासमोर हे सगळं ठेवलं तर त्याला उपदेशाची गरज राहत नाही.

बिबट्याचं विचारतात म्हणून

प्रत्येक आई विचारते. दिवसा, गर्दीच्या रस्त्यावर, बिबट्या दिसण्याची शक्यता अगदी थोडी. तो बहुतेक अंधारात फिरतो आणि माणसाला टाळतो. पण हे त्याचं घर आहे, म्हणून काही नियम पाळायचेच. लहान मुलांचा हात सोडायचा नाही, त्यांना एकटं पुढे पळू द्यायचं नाही. झाडीत एकट्याने शू करायला बसायचं नाही. वाकलेला, बसलेला जीव त्याला सावजासारखा दिसतो. सूर्य मावळायच्या आत फाटकाबाहेर. समोर आलाच तर पळायचं नाही. मुलाला कडेवर घ्यायचं, ताठ उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं. त्याला जायला वाट मोकळी ठेवायची.

भीती घालून नाही, पण आदराने सांगायचं मुलांना. इथले वारली वाघोबाला देव मानतात. आपण वसुबारस करतो त्याच सुमारास त्यांच्याकडे वाघबारस असते. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी त्याच्या शेजारी घरं बांधली त्यांनी त्याला देव मानलं, ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलांना कुठल्याही सूचनाफलकापेक्षा जास्त लक्षात राहायची.

परतल्यावर

फाटकाबाहेर पडायच्या आधी पिशवीतला कचरा मोजा: आत नेलं तेवढं सगळं बाहेर आलं का. फळांच्या साली, बिया, कोयीसुद्धा. घरी गेल्यावर मुलांना आंघोळीला पाठवा आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या इलास्टिकजवळ गोचीड बघा. गवतात बसलेल्या मुलांच्या अंगावर असतात. दिसली तर नखांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि जागा साबणाने धुवा. कपडे वेगळे, गरम पाण्यात. बूट गॅलरीत, झटकून. मग त्याच रात्री, डोळे मिटायच्या आत, मुलांना वहीत तारीख घालून काय काय दिसलं ते लिहायला बसवा. सकाळी निम्मं विसरलेलं असतं.